पाण्यात सोडलेलं पान

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

तापमान २६. खारटपणा ३५. पीएच ८.१. नायट्रेट पुन्हा वाढलं. महिन्यापूर्वी दहा होतं, आज पंचवीस. कारण सापडत नाही. पाणी वेळेवर बदलतो, खाणं मोजून घालतो, गाळणीचा कापूस दर तीन दिवसांनी नवा. तरी कुठून तरी घाण येतेच आहे.

बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाची गोडी मोजली. निवृत्तीनंतर नशिबी खारं पाणी आलं. देवळाली प्रवरेत समुद्र सांभाळणारा मी एकटाच असेन. समुद्र म्हणजे साडेतीन फुटांची काचेची टाकी, सव्वादोनशे लिटर, हॉलमध्ये खिडकीच्या उलट्या भिंतीला. टाकी चि.ची. त्याला गोड्या पाण्यातले मासे नको होते. "बाबा, ते काय कुणीही पाळतं," म्हणायचा. पुण्याहून मीठ आणायचा आणि शुद्ध केलेल्या पाण्यात कालवून समुद्र करायचा. चि. मागच्या वर्षी जूनमध्ये मोटरसायकलवरून गेला. त्यापुढे मला लिहायचं नाही.

आत चार जीव आहेत. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली जोडी. मादी मोठी आणि भांडकुदळ, म्हणून ती पाटलीणबाई आणि तिच्या धाकात राहणारे ते पाटील. एक पिवळाधमक मासा, हळद्या. आणि लाल पाठीचा एक झिंगा, तो बाकीच्यांच्या अंगावरची घाण खातो. नावं चि.ची. शिवाय दगडांवर पोवळी आहेत. ती दगडासारखी दिसतात, पण जिवंत असतात.

खाणं दिवसातून एकदा, सकाळी नऊला, आणि फक्त मी घालतो. फ्रीजरमधल्या कोळंबीच्या बर्फाची अर्धी वडी. डब्यावर चि.ने "औषध" अशी चिठ्ठी लावली होती, म्हणजे त्याच्या आईने, सुचित्राने, आमच्या शाकाहारी फ्रीजवरून घर डोक्यावर घेऊ नये. चिठ्ठी अजून आहे. सुचित्रा आता काही म्हणत नाही.

टाकीला तिने हात लावायचा नाही, असा माझा नियम आहे. मागच्या वर्षी साबणाचा हात आत घातला होता. मी फार ओरडलो. तेव्हापासून लावत नाही. मात्र हल्ली जेवणाचं ताट घेऊन हॉलमध्येच बसते, टाकीशेजारच्या खुर्चीत. टीव्ही बघत असेल. टीव्ही बंद असतो, पण कंटाळून बंद करत असेल.

१३ सप्टेंबर

नायट्रेट तीस. चिडचिड झाली. अपूर्वाला फोन केला. ही मुलगी चि.बरोबर पुण्याला कॉलेजात होती, तिच्याकडेही अशीच टाकी आहे. टाकीचं काही अडलं की मी तिलाच विचारतो. तिची नोकरी आहे, कामं असतील, पण फोन पहिल्या रिंगला उचलते. "काका, कुणी जास्तीचं खाणं घालतंय का?" म्हणाली. मी म्हटलं, घरात माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. मग "पाटलीणबाई अजून कोपऱ्यातल्या दगडाखालीच झोपते का?" असं विचारलं. झोपते, म्हणालो. मला वाटलं फोन कट झाला, पण ती ऐकत होती.

मंगळवारी दशमी, वडिलांची तिथी. मागच्या वर्षी घरात वर्ष पाळायचं होतं म्हणून महालय झाला नाही. यंदा करावा लागणार. अवधूत गुरुजींना सांगून ठेवलं.

१६ सप्टेंबर, मंगळवार. दशमी.

महालय झाला एकदाचा. सकाळपासून पाऊस. सुचित्रा पहाटेपासून स्वयंपाकघरात होती. तांदळाची खीर, वडे, आळूचं फदफदं, गवार, आमसुलाची चटणी, कढी. दोन माणसांच्या घरात एवढं कशाला, असं मी दोनदा म्हटलं. दोन्ही वेळा तिने ऐकलं नाही.

महालयात सगळ्यांची नावं घ्यावी लागतात. वडील, आजोबा, पणजोबा, आई, आजी. मग आईच्या माहेरचे. मग बाकीचे गणगोत. गुरुजी विचारतात, आपण नाव आणि गोत्र सांगायचं, तीळ-पाणी सोडायचं, पिंड ठेवायचा. मी कागदावर यादीच करून ठेवली होती. गुरुजी म्हणाले, "सुत."

मी यादीकडे बघितलं.

"शामकांतराव, मुलाचं नाव घ्या."

"पुढे चला," मी म्हटलं.

"अहो, पिंड ठेवायचाय त्याचा."

"गुरुजी, पुढे चला म्हटलं ना."

त्याचे दिवस माझ्या पुतण्याने केले. वडीलधारे म्हणाले, बापाने मुलाचं करायचं नसतं. मला तेव्हा बरंच वाटलं होतं. मी मागच्या खोलीत बसून राहिलो होतो. आज सुटका होण्यासारखी नव्हती म्हणून जीभ जड झाली, एवढंच. गुरुजींनी एक पिंड बाजूला सरकवला आणि यादीतल्या काकांच्या नावाकडे वळले. माझ्या एका चुलत आत्याचंही नाव घेतलं. ती मी जन्मण्याआधीच वारली होती. स्वयंपाकघरात कढईत झारा वाजत होता तो मध्येच थांबला. बराच वेळ वाजला नाही. वडे जळायला नकोत, असं माझ्या मनात आलं.

गच्चीवर पान ठेवलं. कावळा कसला येतोय, पावसाने सगळे कुठे दडून बसले होते कोण जाणे. तासभर छत्री धरून उभा होतो. गुरुजींना उशीर होत होता. निघताना म्हणाले, "काकस्पर्श नाही झाला तर गाईला घाला, किंवा पाण्यात सोडा. पोचतं." मी पान समोरच्या गोठ्यातल्या गाईला घालून आलो.

परत आलो तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणखी एक पान वाढलेलं. खीर, वडा, सगळं. हे कुणाचं, म्हणून विचारलं. "आहे एकाचं," सुचित्रा म्हणाली. रंगुबाईचं असेल. ती धुण्याभांड्याला येते, सणावाराला सुचित्रा तिला पान वाढून देते.

दुपारी जेवून आडवा झालो. संध्याकाळी वीज गेली. टाकीचे पंप इन्व्हर्टरवर आहेत, दिवा नाही. अंधारात टाकीकडे पाहिलं नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

टाकी पांढरी झाली आहे.

सकाळी दिवा लागला आणि मला वाटलं काचेवर वाफ धरली. हाताने पुसली. काच स्वच्छच होती. पाणी पांढरं. ताकात पाणी घातल्यासारखं. वर तवंग, त्यावर इंद्रधनुष्याचे रंग. आत काही दिसेना. वाकून बघितलं तर चारही जीव वरच्या कडेला येऊन तोंड उघडझाप करत होते. झिंगा तर पाइपावर चढून पाण्याबाहेर यायला बघत होता.

अमोनिया तपासला. नळीत थेंब टाकले की रंग पिवळा राहायला हवा. माझ्या डोळ्यांदेखत हिरवागार झाला. बत्तीस वर्षं नळ्यांमधले रंग बघितले, पण रंगाला असा कधी घाबरलो नव्हतो.

फेस काढणारं यंत्र तुडुंब भरून वाहत होतं, फरशीभर घाणेरडा फेस. पहिला संशय माझाच आला. काल डोकं ठिकाणावर नव्हतं, सकाळी अर्धी वडी घातली आणि श्राद्धाच्या गडबडीत आणखी कितीतरी घातल्या असतील, आणि आता आठवत नसेल. फ्रीजर उघडून मोजल्या. बरोबर होत्या. मग?

अपूर्वाला फोन केला. ती म्हणाली, "काका, घाबरू नका. आधी हवेचा पंप लावा. वरचा तवंग कागदाने टिपून घ्या. तळाची घाण नळीने ओढून काढा, आणि खाणं पूर्ण बंद." सगळं केलं. वर्तमानपत्र पाण्यावर पसरायचं आणि उचलायचं. तेलकट कागदांचा ढीग झाला. कालवून ठेवलेलं चाळीस लिटर मीठपाणी होतं, ते सगळं बदललं. आणखी कालवायला घेतलं, पण ते लगेच घालता येत नाही. नवं मीठ नीट विरघळायला वेळ लागतो, कच्चं पाणी घातलं तर मासे त्यानेच मरतील. इथे एकेक तास मोलाचा आणि पाण्याला मात्र घाई नाही.

सुचित्रा दारात उभी राहून बघत होती. "काय झालं?" म्हणाली. मी म्हटलं, "मरतायत सगळे." ती आत गेली. देवघराचं दार लावून घेतल्याचा आवाज आला. मला राग आला. चार बादल्या उचलायला मदत केली असती तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी झिंगा मेला. पाठ वाकवून तळाशी पडला होता, पाय हलत होते ते नुसते पाण्यामुळे.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अमोनिया तसाच. पाणी थोडं निवळलं. पोवळी मिटली आहेत, त्यांच्यावर चिकट धागे सुटले आहेत. हळद्याचं पिवळेपण उडून गेलं, लिंबाच्या वाळक्या सालीसारखा झाला.

सकाळी दगड हलवून तळ ओढत होतो. नळीतून बादलीत काहीतरी पडलं. चिमटीत धरून बघितलं. शीत. भाताचं फुगलेलं शीत. मग दुसरं, मग दहा. मग डाळीचा लगदा, वड्याचा तुकडा. आळूच्या पानाची हिरवी चिंधी. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, मला तर अख्खी पंगत सापडली.

खीर! समुद्रात दूध आणि तूप!

रंगुबाई मागे भांडी घासत होती. तिला हाक मारून हॉलमध्ये आणलं आणि तिच्या नाकासमोर बादली धरली. "उष्टी ताटं इथे विसळलीस? टाकीत?"

"म्या कशाला विसळू साहेब? भांडी मागं घासते की मी. हिकडं फरशी पुसायला तेवढी येती."

"मग हा भात काय समुद्रातून आला?"

तिने बादलीत पाहिलं, माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे सुचित्रा उभी होती. रंगुबाईने पदराने हात पुसले आणि एकदम खाली बघत म्हणाली, "व्हय साहेब. चुकलं आसंल माझं. पान उचलताना सांडलं आसंल."

सांडलं! साडेतीन फूट उंचीच्या स्टँडवरची टाकी, वर काचेचं झाकण, आणि त्यात पान सांडलं! मी नको ते बोललो. तुम्हा लोकांना असल्या जिवांची काय किंमत, असंही काहीतरी बोललो. उद्यापासून येऊ नकोस म्हटलं. ती गेली. भांडी अर्धवट राखेत पडून राहिली. पुढची सुचित्राने घासली, तोंडातून चकार शब्द न काढता. आठ वर्षं काम करणारी बाई गेली तर कुणीही दोन शब्द बोलेल. हिला काही वाटेनासं झालं आहे का?

दुपारी हळद्या गेला.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

पहाटे पाटलीणबाई गेली. तिच्या कोपऱ्यातल्या दगडाखाली नाही, उघड्यावर, वाळूत आडवी. पाटील तिच्याभोवती फिरत होता, तोंडाने ढकलत होता. मी जाळीने उचलली तर जाळीच्या मागे मागे वरपर्यंत आला. मला बघवलं नाही, पण बघितलं. दुसरं कोण बघणार?

ती मेलेली मासोळी वाटीत घेऊन मी तसाच स्वयंपाकघरात गेलो आणि ओट्यावर ठेवली. आमच्या ओट्यावर! म्हटलं, "बघ तुझ्या रंगुबाईचे प्रताप."

सुचित्रा चहा गाळत होती. गाळणं खाली ठेवलं. "ती नव्हती," म्हणाली. "पान मी सोडलं."

मला आधी कळलंच नाही. "टाकीत? खीर?"

"खीर, वडा, फदफदं. सगळं. त्याला आवडायचं ते."

"अगं, विष आहे ते त्यांना!"

"मला काय माहीत? तुम्ही कधी सांगितलंत? मला हातच लावू दिला नाहीत. रोज माझ्यातला पहिला घास देते, चिमणीच्या चोचीएवढा. ते खातात. मला वाटलं पोचतं."

तर नायट्रेट हे होतं. महिनाभर मी नळ्या धरून बसलो होतो आणि शेजारच्या खुर्चीत ती घास मोडत होती.

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी म्हटलं, श्राद्धाचं अन्न माशांच्या टाकीत टाकायचं हे कुठल्या शास्त्रात आहे?

मग ती बोलायला लागली. आवाज चढवला नाही. तिने आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

"तुम्ही त्याचं नाव घेतलं नाहीत. मी आत ऐकत होते. सगळ्यांना बोलावलंत. ती तुमची चुलत आत्या, जिला तुम्हीसुद्धा बघितलेलं नाही, तिला बोलावलंत. ती जेवली असेल. माझ्या पोराला कुणी हाकच मारली नाही. मग तो कुणाच्या पंगतीला बसणार? दारात उभा राहिला असेल. म्हणून मी त्याचं वेगळं वाढलं. कावळा तर तुमच्या पानालाही नाही आला. गुरुजी म्हणाले, पाण्यात सोडा. त्याचं दुसरं कुठलं पाणी मला माहीत आहे, सांगा ना!"

मी म्हटलं, मला जमलं नाही. बस्स, जमलं नाही.

"कसं जमेल? डायरीत अजून चि. लिहिता. चिरंजीव! मी वाचते. चि. लिहिलं की श्राद्ध नको, पान नको, काही नको. तुमचं बरं आहे. मला मात्र रोज ताटावर बसलं की वाटतं, तो उपाशी आहे."

तर ही वही ती वाचते. वाचू दे. हे वाचत असशील तर, सुचित्रा, मला तुझा राग आहे. आणि तू खरं बोललीस. दोन्ही एकाच वेळी आहे आणि त्याचं काय करायचं ते मला समजत नाही.

मासोळी ओट्यावर तशीच होती. चहा कुणीच घेतला नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

सकाळी रंगुबाईच्या घरी गेलो. चाळीस वर्षांत कुणाच्या दारात माफी मागायला उभा राहिलो नव्हतो, त्यामुळे ती कशी मागतात हेही ठाऊक नव्हतं. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तुझा दोष नव्हता, बाईंनी सांगितलं. तू का कबूल केलंस?

"म्या बगितलं हुतं की बाईंना सोडताना. एक येक घास सोडत हुत्या, आन् जेव, जेव म्हनत हुत्या. आयनं लेकराला जेवू घातलं, त्ये मी कोनच्या तोंडानं सांगायचं, साहेब?" मग म्हणाली, "सोमवारपासून येते. आज आन् उद्या आमच्या घरी बी पानं हायेत."

मी मान हलवली. धन्यवाद म्हणायचं राहून गेलं.

दुपारी अपूर्वा आली. पुण्याहून एसटीने, न कळवता, मांडीवर थर्मासची पेटी. त्यात पाणी स्वच्छ करणाऱ्या जिवाणूंची बाटली आणि तिच्या टाकीतलं जुनं गाळणं. आमच्या घरी पहिल्यांदाच आली. पण गंमत अशी की टाकीच्या मागचं कुठलं बटण कशाचं, हे तिला न सांगता माहीत होतं. तिसरं बटण दाबून धरावं लागतं, हेसुद्धा. चि. फोनवर टाकी दाखवत असणार. किती वेळ दाखवत होता कोण जाणे. तिने बाटली ओतली, गाळणं बसवलं आणि काचेला कपाळ लावून बसली. पाटील एकटाच राहिला होता, कुशीवर पडून कसाबसा श्वास घेत होता.

"पाटील," ती हळूच म्हणाली, "सुश्रुतने तुला माझ्यासमोर निवडला होता रे."

माझी तपासणी झाली होती, मला आकडे माहीत होते. उशीर झाला होता. तिलाही माहीत असणार. तरी आम्ही दोघं काचेपाशी बसून होतो. साडेचारच्या सुमारास पाटलाचे कल्ले थांबले. पोवळ्यांचं मांस गळून नुसते पांढरे सांगाडे राहिले आहेत. आता आत काहीही जिवंत नाही. पंप चालू आहेत, पाणी गोल फिरतं आहे. निवळलंय सुद्धा! आता काच आणि पाणी अगदी स्वच्छ आहे.

सुचित्राने अपूर्वाला जेवायला वाढलं. समोर बसून, आग्रह करकरून वाढलं. मध्येच मला म्हणाली, "अहो, ही आपली..." आणि थांबली. मुलीने मान खाली घातली. पाहुणी म्हणायचं असेल. मग दोघी एकमेकींना धरून रडायला लागल्या. एवढी ओळख कधी झाली यांची? मी पाणी आणायला उठलो आणि बराच वेळ माठापाशी उभा राहिलो. बसला लावून देताना सुचित्राने तिच्या हातात चि.चं घड्याळ ठेवलं. माशांची एवढी काळजी घेतली तिने, द्यायलाच हवं होतं काहीतरी.

आयुष्यात सांभाळायला एवढंच दिलं होतं मला. चार जीव आणि सव्वादोनशे लिटर पाणी. तेही झालं नाही.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री अमावस्या.

सकाळी टाकी उपसायला घेतली. न्हाणीघराच्या मोरीत पहिली बादली ओतणार, तोच सुचित्राने हात धरला.

"गटारात नाही."

"मग कुठे? झाडांना घातलं तर झाडं मरतील. प्रवरेत घातलं तर नदीतले मासे. हे मीठ आहे."

"ते मला माहीत नाही. त्याच्या वेळी घाटावर मी नव्हते, अस्थी सोडताना नव्हते. बायकांनी यायचं नाही म्हणालात, मी घरात बसले. हे मी गटारात जाऊ देणार नाही."

मी बादली खाली ठेवली. माझ्या वाटणीला कालव्याखाली वीस गुंठे रान आलेलं आहे. वर्षानुवर्षं पाणी देऊन देऊन क्षारपड झालेलं. वर पांढरा थर, काही उगवत नाही. शेजारचा ऊस सहादूचा, त्याच्याकडे टेम्पो आहे. त्याला बोलावलं. दोन ड्रम, सहा बादल्या, वर झाकणाला कापड. तो म्हणाला, "ह्ये काय वततुय साहेब?" मी म्हटलं, खारं पाणी आहे, रानात घालायचंय. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मला घरी सोडावं की दवाखान्यात हे ठरवतोय. "आदीच मेलीया ती जिमीन. मेलेल्याला आनखी काय मारायचं?" पण टेम्पो रानाच्या कडेला लावून दिला आणि पलीकडे आपल्या उसात गेला.

उघडीप होती. सुचित्राने चपला काढल्या. एकेक बादली दोन्ही हातांनी उचलून ती ओतत होती. मी पुढे झालो तर नको म्हणाली. तिची पाठ धरते, बादली उचलता येत नाही, एरवी घागरही मलाच भरायला लावते. पाणी त्या पांढऱ्या मातीवर पसरायचं आणि लगेच जिरायचं. चारही मेलेले जीव तिने कर्दळीच्या पानात बांधून आणले होते. खड्डा तिनेच केला, खुरप्याने.

शेवटची बादली राहिली. तिने ती माझ्या हातात दिली.

"आता नाव घ्या."

मी गोत्र म्हटलं. काश्यप. तिथेच अडलो. ती वाट बघत उभी होती. पदर चिखलाने भरलेला, हातावर मिठाचे पांढरे डाग. "घ्या ना," म्हणाली. "तुमच्याकडून त्याला एकदा बोलवा. मी रोज बोलावते. माझ्या एकटीच्या बोलावण्याने तो येत नाही."

मी पाणी सोडलं. "सुश्रुत," म्हटलं.

"ऐकू नाही आलं."

"सुश्रुत!"

"अजून."

मग मी ओरडलो. मी साठीतला माणूस, कारखान्याचा माजी केमिस्ट, रिकाम्या रानात मुलाच्या नावाने ओरडत होतो आणि मला थांबता येईना. पंधरा महिन्यांत एकदाही उच्चारलं नव्हतं, ते सगळं एकदम निघत होतं. सुश्रुत, अरे सुश्रुत, ये रे. बादली हातातून पडली. सुचित्राने माझा दंड धरला, आणि तीही हाका मारायला लागली.

उसातून सहादू धावत बाहेर आला. हातात कोयता, कपाळावर हात धरून चारी बाजूंना बघत होता. त्याला वाटलं आमच्याबरोबरचं कुणी चुकलं.

"कोनाला हाका मारताय साहेब?" तो बांधावरून ओरडला. "हिकडं कोन न्हाई आलं."

आम्ही हाका थांबवल्या. त्याने पुन्हा एकदा उसात डोकावून बघितलं, आमची खात्री पटावी म्हणून. "न्हाई बाई, कोन बी न्हाई आलं."

मग आम्ही बादल्या गोळा केल्या आणि टेम्पोत ठेवल्या.